धुरीबाईंच्या सुट्ट्या

मूर्खपणा आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. वयाच्या तेविसाव्या वर्षी मी एका रिकाम्या गावात शाळा भरवली होती. रिकाम्या म्हणजे खरोखर रिकाम्या. माणूस नाही, गाय नाही, कोंबडी नाही. मी घंटा वाजवली, एकटीने प्रार्थना म्हटली, सत्तावीस नावं पुकारली, सत्तावीस वेळा ‘गैरहजर’ लिहिलं आणि नियमाप्रमाणे वागल्याच्या समाधानात डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या खोबऱ्याची चटणी होती. मिटक्या मारत खाल्ली, हेही कबूल करते.

आता हे आठवायचं कारण माझी नात मनू. तिच्या शाळेतून मोबाइलवर फर्मान येतं: उद्या चतुर्थीची ॲक्टिव्हिटी, रंगीत कागदाची पाच फळं कापून आणणे. कापायची अर्थात आजीने. मी एक जांभळं, एक पिवळं, एक कसलंच नाही असं कापलं. मनूने विचारलं, “आजी, हे कुठे मिळतं?” माझ्या तोंडून निघून गेलं, “एसटीत.” आणि मी एकटीच इतकी हसले की सुनेने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

ते उत्तर धुरीबाईंच्या शाळेतलं.

धुरीबाई आमच्या मुख्याध्यापिका. शाळा जिल्हा परिषदेची, चार वर्गांची, दोन बायांची. एका अंगाला माडांची दाटी आणि तिच्यापलीकडे समुद्र, दुसऱ्या अंगाला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. गावाचं नाव लिहीत नाही. गाव मालवण तालुक्यात आहे, सुखरूप आहे आणि त्याला माझा पत्ता माहीत आहे. मी कोल्हापूरकडची, नवीन डी.एड., पाठाच्या टाचणांच्या चार वह्या ट्रंकेत घेऊन घाट उतरलेली. पोरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ‘नवीबाई’ ठेवलं. पुढे त्याच तालुक्यात लग्न झालं, पोरं झाली, केस पिकले. निवृत्तीच्या समारंभातही गावकऱ्यांनी ‘आमची नवीबाई’ म्हणूनच नारळ हातात दिला.

बाई उंच, हाडापेराने मोठ्या. कानावर पेन्सिल अडकवावी तसा खडूचा तुकडा अडकवलेला. संध्याकाळी घरी पेज वाढतानाही तो तिथेच असायचा. वर्गात कधी ‘गप्प बसा’ म्हणाल्या नाहीत. गोंगाट वाढला की त्या स्वतः गप्प व्हायच्या आणि खिडकीबाहेर अशा बघायच्या की जणू तिथे काहीतरी फार सुंदर चाललंय. एकेक पोर गप्प होऊन बाहेर बघू लागायचं. बाहेर काही नसायचं. फार तर फणसाचं पान गळत असायचं. सगळा वर्ग ते पान जमिनीला टेकेपर्यंत बघायचा आणि मग बाई म्हणायच्या, “चला, सातचा पाढो.”

त्यांचा एकच नियम होता: सुट्टीच्या दिवशी पोर घरचं, आदल्या दिवशी माझं. त्यामुळे आमच्या शाळेत प्रत्येक सण एक दिवस आधी यायचा.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वर्गाच्या आढ्याला बांबूची चौकट टांगायची. ही माटवी. घरी ती गणपतीच्या डोक्यावर असते, रानातल्या फळाफुलांनी भरलेली. शाळेत प्रत्येक पोराने एकच वस्तू आणायची, जी दुसऱ्या कुणी आणली नसेल, आणि बांधण्याआधी तिचं नाव आणि ठिकाण सांगायचं. “ह्या काय?” बाई विचारायच्या. “हरणां.” ही रानफुलं. “खंय गावली?” “पाटल्यादारच्या चढावार.” लाल, पिवळं, हिरवं असं ते छत हळूहळू भरत जायचं आणि वर्गाला ओल्या रानाचा वास यायचा. पहिल्या वर्षी मी मालवणच्या बाजारातून प्लास्टिकची द्राक्षं आणली. माझ्या हिशेबी ती सगळ्यांत देखणी होती. बाईंनी चेहरा न हलवता ती मध्यभागी बांधली आणि पहिलीतल्या चंद्रीला विचारलं, “ह्या काय?” चंद्रीने नीट निरखलं. “नवीबाईंचा फळ.” “खंय गावता?” “एसटीत.” ती घेऊन मला एसटीतून उतरताना तिने पाहिलं होतं, तेव्हा उत्तर बरोबरच होतं. बाईंनी “शाबास” म्हटलं. द्राक्षं विसर्जनापर्यंत तिथेच लटकली.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी नारळ लढवायचे. एकाने आपला नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर हाणायचं. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. बाईंशी लढायला बापेमाणसंही बिचकायची. त्या नारळ कानाशी नेऊन नखाने टिचकी मारायच्या, डोळे मिटून ऐकायच्या, मग दुसरा घ्यायच्या. “ह्यो बोलाक लागलो तर फुटतलो,” म्हणायच्या. “मुको बघ.” मी डोळे मिटून पुष्कळ ऐकलं. मला सगळे नारळ सारखेच वाटले. माझे सगळे फुटले.

पंधरा ऑगस्ट तेवढा त्याच दिवशी असायचा, आणि बाई बेसूर गाणाऱ्यांना पुढच्या रांगेत आणि सुरेल पोरांना मागे उभं करायच्या. मी सांगितलं, पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही. म्हणाल्या, “मागल्यांचो सूर पुढल्यांच्या कानात जाता. पुढे हुशार ठेवलंय तर ह्या बिचाऱ्यांच्या कानात वारो जातलो.” मी तेव्हा दोन्हीपैकी कुठल्याच रांगेत नव्हते, पण पुढच्या वर्षी बाईंनी मलाही पुढे उभं केलं.

मी बाईंच्याच घरी राहत असे. घरात त्या आणि त्यांची आई. आईला सगळा गाव आये म्हणे. चार वर्षांपूर्वी तिचे पाय गेले होते आणि तेव्हापासून ती अंधाऱ्या माजघरात खाटेवर होती. जीभ मात्र ठणठणीत. मी सकाळी केस विंचरू लागले की आतून हाक यायची, “घाटणी, उकडे तांदूळ केसात शोधतंस काय?” थंडीत तिची छाती भरायची. मग बाई रात्रभर तिच्या उशाशी बसायच्या आणि सकाळी कानावर खडू अडकवून शाळेत.

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात गावपळण आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळा गाव घरंदारं बंद करून वेशीबाहेर जातो. गुरं, कुत्री, कोंबड्या, आजारी माणसं, सगळे. तीन दिवस गाव देवाचं. माणसं माळावर झावळ्यांच्या खोपी बांधून राहतात, तिथेच चुली मांडतात, भजनं करतात, पोरं उंडारतात. चौथ्या सकाळी मानकरी पुन्हा कौल लावतात. देव ‘या’ म्हणाला की परत. मधल्या काळात कुणी गावात पाय टाकला, तर देवाला ते सांगावं लागतं, आणि मग तो किती दिवस बाहेर ठेवील त्याचा नेम नाही.

मला हे काहीच नको होतं. मला परिपत्रक हवं होतं. “बाई, सुट्ट्यांच्या यादीत गावपळण नाही,” मी म्हणाले. “ही सरकारची शाळा आहे.”

“परिपत्रक भिंतीर आसा, पोरां सड्यार जातली,” बाई म्हणाल्या. “तू शिकयतलंस कोणाक? भिंतीक?”

बाईंना काळजी वेगळीच होती. शेजारच्या गावातल्या डॉक्टरांना त्या विचारून आल्या होत्या. ते म्हणाले होते, तीन दिवस निभतील. उघड्यावर त्यापुढे एक दिवसही ठेवाल तर मी काही सांगू शकत नाही. रविवारी चौघांनी आयेला खुर्चीत बसवून सड्यावर नेलं. बाई शेजारून चालत होत्या, एक हात खुर्चीच्या दांड्यावर. आये म्हणाली, “लग्नात पण माका इतक्या जणांनी उचलूक नाय होता.” सड्याच्या पश्चिमेच्या कडेला खोप मिळाली. बाईंनी तीन बाजूंना चादरी बांधल्या. त्या खरोखर बोटांवर मोजत होत्या: रविवार, सोमवार, मंगळवार. बुधवारी सकाळी घर.

आणि सोमवारी सकाळी, वहाळावर अंघोळीला जाते असं खोटं सांगून, मी शाळेची किल्ली घेऊन गावात उतरले.

ते गाव मी आयुष्यात विसरणार नाही. पाणंदीत दव होतं आणि दवावर माझ्याशिवाय कुणाची पावलं नव्हती. प्रत्येक दाराला कडी, प्रत्येक अंगणात उलटी घातलेली घागर. पोफळीच्या झावळ्या एकमेकींना लागून बोलत होत्या, हळू, आजारी माणसाच्या घरात बोलतात तशा. एका दोरीवर विसरलेला लहान परकर वाऱ्याने भरत होता आणि रिकामा होत होता. मी पाऊल दाबून चालू लागले, कुणी झोपलं आहे आणि जागं होईल अशा बेताने. तरी माघारी फिरावंसं वाटलं नाही. माझ्या पिशवीत हजेरीपट होता.

अकराला मी घंटेची दोरी ओढली. नावं पुकारली. प्रत्येक नावानंतर टाचणवहीत लिहिल्याप्रमाणे क्षणभर थांबले. त्या थांबण्यात समुद्र वर्गात यायचा. एरवी पोरांच्या आवाजाखाली तो कधी ऐकूच आला नव्हता. त्या दिवशी तो बाकांमधून फिरत होता. “चंद्रकला.” लाट. “अनंत.” लाट. एका नावाला कावळा बोलला. नियमात बसेना, म्हणून त्यालाही गैरहजर लावलं. मग आजूबाजूला कोण आहे, कोण नाही, आणि मी तरी आहे का, असं काहीतरी अंधूक वाटायला लागलं. तो डबा मी भुकेने नाही, धीर यावा म्हणून उघडला. पण सांगितलं ना, चटणी बरी झाली होती.

माझ्या एका गोष्टीचा विचार राहून गेला होता. गाव इतकं गप्प असताना घंटा सड्यापर्यंत ऐकू जाणारच. आणि गेली. नंतर कळलं ते असं: घंटा ऐकताक्षणी खेळणारी सत्तावीस पोरं जागच्या जागी थांबली, सवयीने उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली आणि हात जोडून प्रार्थना म्हणू लागली. सगळा गाव त्यांच्याकडे बघत राहिला. कुणाच्या हातातली चूल फुंकायची नळी तशीच राहिली.

मी दुपारी चढण चढून वर आले तेव्हा माणसं गोल करून उभी होती. मध्ये घोंगडीवर तात्या, गावाचे मोठे मानकरी. समोर धुरीबाई. पोरं अजून रांगेतच.

“बाई,” तात्या म्हणाले, “शाळेची घंटा कोणी वाजवल्यान?”

तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या पायावरची ओली लाल माती पाहिली, हातातला डबा पाहिला. म्हाताऱ्याला सगळं कळलं. आणि त्या भल्या माणसाने काय केलं असेल? माझ्यावरची नजर काढून घेतली आणि आभाळाकडे बघत म्हणाले, “वांदार असतलो. शाळेच्या फणसार दोन मोठे वांदार आसत. दोरी ओढल्यान असतली.”

सगळ्या गोलातून सुटकेचा श्वास गेला. “होय, होय, वांदारच तो!” “माझी तवशी पण तेनाच व्हरल्यान!” कुणाला काकड्यांची चोरीही आठवली. माकड गावात गेलं तर देवाला सांगावं लागत नाही. बुधवारी सगळे घरी. आयेची छाती वाचली, माझी नोकरी वाचली. बाईंनी फक्त मान हलवायची होती. मी तर त्या क्षणी मनोमन शेपूट स्वीकारलंही होतं.

बाईंनी एकदा आपल्या खोपीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “नाय तात्यानू. वांदार नाय. माझी नवीबाई.”

कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट केलं: एका बाईने मला बसायला पाट दिला.

बुधवारी पहाटे मानकऱ्यांनी देवाला झालं ते सगळं सांगून कौल लावला. देवाने त्या दिवशी ‘या’ म्हटलं नाही. आणखी एक दिवस, एक रात्र बाहेर.

त्या चौथ्या दिवशी बाईंनी सड्यावर वर्ग घेतला. कडेला पोरांना बसवलं. खाली गाव होतं, म्हणजे नुसते माड होते. माडांखाली छपरं दिसत नाहीत. एरवी कुठून धूर येतो त्यावरून घर ओळखावं, तर आज चूल कुठेच नव्हती. “धूर नाय,” बाई म्हणाल्या, “आता आपला घर खंय ता सांगा.” पोरं डोळे बारीक करून बघत राहिली. मग एक बोट उठलं. “तो वाकडो माड. तेच्या मुळात आमचा न्हाणीघर.” दुसरं बोट. “ती चिंच. चिंचेच्या सावळेत माझी आजी बसता.” एकेक घर त्या हिरव्या पाण्यातून वर येत गेलं. कोळशाने जांभ्यावर त्यांनी सगळं गाव काढलं. चंद्रीने शाळा काढली आणि दारात एक बाई काढली. बाईला शेपूट होतं. पोरांच्या मनातलं मत अजून बदललं नव्हतं.

मी मात्र वर्गात नव्हते. मी आयेच्या अंथरुणाशी, खोपीच्या उघड्या बाजूला, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडाला, बाईंची मोठी छत्री उघडून उभी होते. तिला थंडी बाधली तर खून माझ्या हातून झाला असता. आये हात लांब करून छत्री ढकलत होती. “बाजूक हो गो, घाटणी.” मी हलले नाही. “अगो, बाजूक हो म्हणतंय ना!” रागावली आहे, म्हटलं. रागावू दे, हक्क आहे तिचा. दुपार कलेपर्यंत ती ढकलत राहिली आणि मी धरून राहिले. शेवटी बाईंनी येऊन छत्री माझ्या हातातून काढून घेतली, मिटली आणि मला म्हणाल्या, “जा, पोरांका पाणी दी.”

गुरुवारी आम्ही घरी आलो. आयेला चार दिवस खोकला झाला. पण ती त्यानंतर दोन वर्षं जगली आणि माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याला म्हणाली, “हिका घंटेपासून लांब ठेव.”

हजेरीपटातले ते सत्तावीस ‘गैरहजर’ बाईंनी खोडले नाहीत, की मला खोडू दिले नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं: ‘शाळा एका जागी, मुले दुसऱ्या जागी. शिक्षिका दोन्हीकडे होती.’ तपासणीला आलेल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि खाली सही केली.

आता माझ्या पुढच्या मूर्खपणाकडे येते, कारण एकावर मी कधीच थांबत नाही. धुरीबाईंच्या त्या ‘नाय’वर मी पस्तीस वर्षं भाषणं केली. मूल्यशिक्षणाच्या तासाला केली, शिक्षकदिनाला केली, कसालच्या प्रशिक्षणात ध्वनिक्षेपक हातात घेऊन केली. सांगायचे, स्वतःच्या आईचा जीव टांगणीला, समोर खोटं बोलायची सोपी वाट, पण रांगेत उभ्या सत्तावीस पोरांपुढे बाईंची जीभ वळली नाही. इथे मी थांबायचे. टाळ्या पडायच्या. एकदोनदा मी डोळेही पुसले आहेत, अगदी वेळेवर.

कागदाच्या फळांच्या त्या प्रकरणानंतर मनूला घेऊन बाईंकडे गेले. म्हटलं, पोरीला माटवीच्या वस्तू खऱ्या बघू देत. बाई आता नव्वदीच्या आसपास. पाय थकलेत. पडवीत, ऊन येतं तिथे त्यांची खाट टाकलेली. भाच्याच्या पोरांनी रानातून आणलेली फळं पुढ्यात होती आणि त्या एकेक उचलून मनूला विचारत होत्या, “ह्या काय?” मनूला एकही सांगता येत नव्हतं आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. कानावर खडू नव्हता. कानच लहान झाल्यासारखा दिसत होता.

मनू अंगणात पळाली. माडांमधून ऊन जमिनीवर हलत होतं. मी बाईंना माझ्या भाषणांबद्दल सांगितलं, टाळ्यांसकट, आणि म्हणाले, “बाई, एवढं मोठं सत्य त्या दिवशी पोरांसाठी बोललात. माझ्याच्याने झालं नसतं.”

बाईंचे खांदे हलायला लागले. दात नसलेल्या तोंडाने त्या इतक्या हसल्या की खाट करकरली. डोळ्यांतलं पाणी पदराने टिपून म्हणाल्या:

“अगो चेडवा, पोरांसाठी खंयचा! आये चार वर्सां माजघरातल्या वाश्यांकडे बघीत पडलेली. सड्यार तिका दर्यो दिसलो. त्या सकाळी माझो हात धरून म्हणाली, ‘सुलू, आनी एक दीस ऱ्हवाक मिळात काय गो?’ आता तूच सांग, मी वांदार कित्याक म्हणू?”